तेवीस कल्पना आणि एक टॉवेल

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या नणंद-भावजय. भावजयीचं बाळ अकरा महिन्यांचं, आणि बाळंतपणात सुटलेली नोकरी सुटलीच. नणंद शिवणकामात मुरलेली, घरी दोन मशीन. दोघींनी मिळून साडेतीन लाख बाजूला काढलेत आणि लहान बाळांच्या आईवडिलांना उपयोगी पडेल असं काहीतरी बनवून विकायचं ठरवलंय. एका रविवारी बाळ झोपल्यावर बसून त्यांनी तेवीस कल्पना लिहून काढल्या. ती यादी मला पाठवलीय आणि विचारलंय: यातलं कुठलं निवडू? आणि आणखी चांगल्या कल्पना सुचवायच्या तर कशा?

मी एकोणीस वर्षं बाळांच्या कापडी वस्तू डिझाइन करते. थोड्या स्वतःच्या नावावर, बऱ्याचशा दुसऱ्यांच्या. तुमची यादी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. आधी वाईट बातमी: तेवीसपैकी सतरा नुसत्या वस्तू आहेत. दुपट्यांचा सेट, नाव भरलेली गोधडी, मोहरीची उशी, कापडी खुळखुळा, नाचणी सत्त्व, बाळगुटीचं किट. अडचण म्हणून लिहिलेल्या फक्त सहा. दुकानात जे दिसतं ते आठवून आपण "हेच जरा छान करू" म्हणतो, तशी ही यादी झालीय. दोष तुमचा नाही. चार भिंतींत बसून विचार केला की सगळ्यांची यादी अशीच होते. माझी पहिली झाली होती.

ती गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं का सांगतेय ते कळेल. २०११ साली मी बाळाला गुंडाळायचं तयार दुपटं काढलं होतं, वेल्क्रो लावलेलं. इचलकरंजीचं मऊ सुती कापड, तीन मापं, सहाशे नग. ज्या घरांत वापरून बघायला दिलं त्या सगळ्यांनी कौतुक केलं. बाजारात आल्यावर महिनाभरात मागणी बसली. का, ते मला एका मावशींनी सांगितलं. बाळंतिणीकडे मालिशला जायच्या त्या. "रात्री लंगोट बदलायला ते उघडलं की चर्रर्र वाजतं, आणि निजलेलं पोर टक्क जागं होतं." मी चाचणी घेतली होती दुपारी. पाहुणी म्हणून, चहा पीत. रात्री तीन वाजता त्या खोलीत मी नव्हते. शिवाय वेल्क्रो धुण्यात बाकीच्या झबल्यांना चिकटून त्यांचे धागे ओढायचं. आज्यांनी ते घडी करून कपाटात टाकलं आणि जुन्या साडीचं दुपटं परत काढलं. साडेतीनशे नग माझ्याकडे पडून राहिले. पुढे त्यांच्या भाजीच्या पिशव्या झाल्या, त्यातल्या दोन अजून माझ्याच घरात आहेत. वर आणखी एक चूक होती, ती मला फार नंतर कळली: बाळाचे पाय सरळ करून घट्ट बांधले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होऊ शकतो. पायाकडची बाजू ढिली हवी, पाय बेडकासारखे दुमडता यायला हवेत. माझ्या मापात ती जागा नव्हती.

तर कल्पना शोधायच्या कशा? बाळाचा दिवस तासातासानं मांडून बघा आणि त्यातला असा क्षण शोधा जिथं घरातल्या माणसाला तिसरा हात हवा असतो. एवढंच मी करते. ओळखीची तीन घरं निवडा: एक आजी-आजोबा असलेलं, एक दोघांचंच, एक असं जिथली आई कामावर परतलीय. प्रत्येक घरात एक वही ठेवा. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारू नका, लोक दुकानातलीच वस्तू सांगतात. चारच गोष्टी लिहायला सांगा: किती वाजले, काय चाललं होतं, जवळ कोण होतं, आणि तेव्हा काय जुळवून घेतलं. हा शेवटचा रकाना सोन्याचा. टेबलाच्या पायाला बांधलेली ओढणी, बादली उलटी ठेवून केलेलं बसणं, बाटलीला गुंडाळलेला पायमोजा. कुणी घरच्या घरी काहीतरी जुगाड करून भागवतंय म्हणजे तिथं अडचण खरी आहे आणि ती सोडवायला ते आधीच मेहनत घेताहेत.

वही भरायला आठवडा लागेल. तोवर बाल्कनीत जा आणि वाळत घातलेल्या कपड्यांची दोरी बघा. मी कुठल्याही बाळंतिणीच्या घरी गेले की आधी दोरी बघते. जे चौदा नग वाळत पडलेत ते त्या घराला खरंच लागतं. जे एकदाही दोरीवर दिसत नाही ते भेट आलेलं आणि पडून राहिलेलं. तसाच दुसरा खजिना म्हणजे सोसायटीचा जुन्या वस्तू विकायचा व्हॉट्सअॅप ग्रुप. "एकदाच वापरलंय" असं लिहून काय काय विकायला येतं ते महिनाभर टिपून ठेवा. त्या वस्तूंच्या वाटेला जायचं नाही.

ज्यांना विचारायचं त्यांची निवडही नीट करा. आईला विचारालच. पण न्हाऊ घालणाऱ्या मावशी, पाळणाघरातल्या ताई, बालरोगतज्ज्ञांकडे नंबर लावून देणारी मुलगी, या बायका रोज वीस-वीस बाळं बघतात. एका घरातला हट्ट कुठला आणि दहा घरांतली अडचण कुठली, हे त्यांना बरोबर माहीत असतं. त्यांचा वेळ फुकट घेऊ नका, तासाचे पैसे द्या.

मग परत एकदा बसा, पण या वेळी वहीतला एकच क्षण समोर ठेवून. चाळीस मिनिटं, प्रत्येकीनं आपापल्या चिठ्ठ्यांवर गुपचूप लिहायचं, बोलायचं नाही. एका चिठ्ठीवर एकच. वस्तूचं नाव लिहायचं नाही, क्रिया लिहायची: "धरणं", "टेकवणं", "एका हातानं उघडणं". आणि एखादं कडक बंधन घालून घ्या. माझं आवडतं बंधन: बॅटरी नाही, आणि आजीला चष्म्याशिवाय वापरता आलं पाहिजे. बंधन नसलं की सगळ्या चिठ्ठ्या अॅपकडे जातात. घरातल्या पुरुषमंडळींना त्या वेळी खोलीत घेऊ नका, असं मी पूर्वी म्हणायचे. आता म्हणते की जो बाप रात्री उठतो त्याला नक्की घ्या, बाकीच्यांना नको.

बाळाच्या वस्तूंचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं. ओवेन मॅक्लारेन हा ब्रिटिश विमान-अभियंता, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेला. मुलगी मॉस्कोहून नातवंड घेऊन आली, तिची बोजड बाबागाडी प्रवासात नकोशी होत होती, आणि त्यानं १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी, जेमतेम पावणेतीन किलोची गाडी काढली. बाबागाड्या तेव्हाही भरपूर होत्या. त्यानं बघितला तो जिन्याशी उभ्या असलेल्या बाईचा क्षण: एका काखेत मूल, दुसऱ्या हातात गाडी. पॅम्पर्सची गोष्ट उलट्या बाजूनं बोलकी आहे. कल्पना व्हिक्टर मिल्स या नातवंडाचे लंगोट बदलून वैतागलेल्या आजोबांची. पण पहिली चाचणी डॅलसच्या उन्हाळ्यात घेतली, प्लॅस्टिकच्या चड्डीत बाळं उकडून निघाली आणि आयांनी ती नाकारली. सुधारून १९६१ मध्ये पिओरिया या अमेरिकी शहरात विकायला ठेवलं, तेव्हा वस्तू आवडली पण नगाला दहा सेंट परवडेनात. भाव सहा सेंटांच्या आसपास आला तेव्हा गाडी चालली. ऋतू आणि भाव, दोन्ही तुमच्या वहीत हवेत. नाशिकच्या थंडीत घेतलेली चाचणी जळगावच्या मे महिन्यात उपयोगी नाही.

आता तुमची यादी. पेन्सिलीनं काय काय खोडलं आणि का, ते सांगते.

नाचणी सत्त्व आणि डाळ-तांदळाची भरड आधी खोडली. तुमच्या यादीत यापुढे तीन चांदण्या आहेत, म्हणून वाईट वाटलं. बाळाचं दूध, दुधाच्या बाटल्या आणि बाळाचा आहार यांच्यासाठी आपल्याकडे १९९२ चा वेगळा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. आईच्या दुधाला पूरक म्हणून सहा महिने ते दोन वर्षांच्या बाळासाठी जे विकलं जातं ते सगळं त्यात येतं. त्याची जाहिरात करता येत नाही, नमुने वाटता येत नाहीत, वेष्टनावर बाळाचं किंवा बाईचं चित्र चालत नाही. मोडला तर तुरुंगवासाची तरतूद आहे. शिवाय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे बाळांच्या आहारासाठीचे २०२० चे स्वतंत्र नियम. इन्स्टाग्रामवर "सहा महिन्यांपासून द्या" म्हणत घरगुती सत्त्व विकणाऱ्या डझनभर ताई तुम्हाला दिसतील. त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. घरातल्या सगळ्यांसाठी नाचणीचं सत्त्व म्हणून विकलंत तर तो निराळा धंदा; पण मग तुमचं गिऱ्हाईक बाळाची आई उरत नाही.

बाळगुटी खोडली. औषध म्हणून विकायची तर आयुर्वेदिक औषधाचा परवाना लागतो. आणि सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, असं डॉक्टर सांगत असताना आपण सहाण आणि मुरूडशेंग डब्यात घालून विकायची, हे मला स्वतःला पटत नाही. सासूबाईंशी या विषयावर माझी बारा वर्षांपूर्वी झालेली चर्चा अजून संपलेली नाही, ते सोडा.

मोहरीची उशी खोडली. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपताना उशी नकोच, गादी सपाट आणि मोकळी हवी. अमेरिकेत फिशर-प्राइसचा रॉक अँड प्ले नावाचा तिरका झोपाळा दहा वर्षं धडाक्यात विकला गेला. त्यात तीसहून जास्त बाळं दगावल्यावर एप्रिल २०१९ मध्ये सुमारे ४७ लाख नग परत बोलवावे लागले. २०२२ मध्ये असे तिरके झोपाळे आणि पाळण्याच्या कडेला लावायच्या मऊ गाद्या, दोन्हींवर तिथं कायद्यानंच बंदी आली. एवढ्या मोठ्या कंपनीचं हे झालं. झोपेशी संबंधित वस्तूत तुमच्यासारखीनं पहिल्या वर्षी हात घालू नये. वॉकरही त्याच माळेतला: कॅनडानं २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदी घातलीय. आपल्याकडे तो सर्रास मिळतो म्हणून तो चांगला ठरत नाही.

कापडी खुळखुळा आणि कापडी पुस्तक यांच्यापाशी जरा थांबले, कारण नणंदबाईंनी पाठवलेला नमुना सुरेख आहे. पण १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळायचं म्हणून जे बनवलं ते खेळणं, मग त्याचा दुसरा काही उपयोग असो वा नसो. म्हणजे तुमच्या साध्या दुपट्याच्या कोपऱ्याला तुम्ही हौसेनं छोटा घुंगरू असलेला ससा शिवलात, की तुम्ही खेळण्यांच्या गल्लीत शिरलात. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांना सूट आहे, पण ती वाट धरायची तर आधी नोंदणी, मग ससा. सध्या ससा राहू दे.

दुचाकीवरचा पट्टा ही यादीतली सगळ्यात हुशार कल्पना. आपल्याकडे अर्धी बालपणं स्कूटरवर उभी राहून जातात. फेब्रुवारी २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल झाला: चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला जोडलेला पट्टा हवा, नऊ महिन्यांवरच्याला हेल्मेटही हवं, वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. पट्टा हलका, मापाला कमीजास्त होणारा, पाण्यानं न खराब होणारा आणि ३० किलो पेलणारा हवा, हेही नियमातच आहे. नियम वर्षभरानं लागू झाला, तरी रस्त्यावर बघा, पट्टे किती दिसतात! म्हणजे बाजार आहे. पण ज्या वस्तूची शिवण उसवली तर मूल रस्त्यावर पडेल, ती बनवायला चाचणीचं यंत्र, अभियंता आणि विमा हवा. साडेतीन लाखांत यातलं एकही धड येत नाही. तीन वर्षांनी परत बघा.

नाव भरलेली गोधडी आणि दुपट्यांचे सेट उरले. तिथं कायदा आड येत नाही, आजी येते. तुमचा खरा प्रतिस्पर्धी पुण्यामुंबईचा कुठला ब्रँड नाही, आजीची जुनी सुती नऊवारी आहे. शंभर धुण्यांनी मऊ झालेली, फुकट, आणि मायेची. तिच्याशी मऊपणात कुणी जिंकत नाही. गोधडी विकली जाते ती बारशाला द्यायला, म्हणजे घेणारी आत्या किंवा ऑफिसातली मैत्रीण. भेटीचा धंदा वाईट नाही, पण त्याचे नियम वेगळे. तिथं खोका मोठा दिसावा लागतो, वस्तू कशी वापरली जाते हे कुणी बघत नाही, आणि तीच गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. तुम्हाला तो करायचा असेल तर डोळे उघडे ठेवून करा. "बाळाच्या आईसाठी" म्हणत आत्याला विकू नका, दोन्हीकडून फसाल.

पाळणाघराच्या पिशवीवर मी गोल केलाय. २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, त्यातले आठ आठवडे आधी घेता येतात. म्हणजे संघटित नोकरीतली आई कामावर परतते तेव्हा बाळ साधारण चार ते सहा महिन्यांचं असतं. नेमकं तेव्हाच वरचं खाणं सुरू व्हायला आलेलं. सकाळी साडेआठला त्या घरात काय चालतं ते वहीत येऊ दे: काढून ठेवलेलं दूध, दोन डबे, चार लंगोट, तीन झबली, आणि संध्याकाळी दुसऱ्याच बाळाची टोपडी घेऊन परत येणं. धुतल्यावर न जाणारी नावाची पट्टी, ओल्या कपड्यांचा वेगळा कप्पा, आणि ताईंना न विचारता कळावं असं "काय दिलं, किती खाल्लं" लिहायचं खिशातलं पान. ही कल्पना चांगली आहे. पण तिला पाच तुकडे आहेत, पहिल्याच उत्पादनाला पाच तुकडे जास्त होतात. ती दुसरी घ्या.

पहिली म्हणून मी निवडेन तुमची एकोणिसावी. तुम्ही तिथं एवढंच लिहिलंय: "अंघोळीचा टॉवेल? (फारच साधा)."

आपल्याकडची बाळाची अंघोळ डोळ्यांसमोर आणा. न्हाऊ घालणारी पाटावर पाय पसरून बसते, पायांवर पालथं बाळ, शेजारी ऊन पाण्याची बादली. या सगळ्या सोहळ्यात एक माणूस कायम गृहीत धरलेलं असतं: दाराशी पंचा पसरून उभं राहिलेलं, "दे" म्हणून बाळ उचलून घेणारं. आत्या असे, मावशी असे, थोरली बहीण असे. मालिशवाली मावशी येते तोवर, म्हणजे पहिले दोन-तीन महिने, ते माणूस असतं. मग ती सुटते. आई एकटी, कमरेला ओढ, सिझेरियनचे टाके असतील तर वाकताना जपावं लागतं, आणि तेलापाण्यानं निसरडं झालेलं सहा किलोचं मूल दोन्ही हातांत. टॉवेल मागे खुंटीवर. हडपसरच्या एका घरात मी बघितलं: त्या मुलीनं टॉवेलची दोन टोकं स्वतःच्या गाऊनच्या खांद्यांना कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावली होती. एक निळा चिमटा, एक लाल. बाळ उचललं, छातीशी धरलं, टॉवेल आपोआप मधे आला, मग खालची बाजू वर घेऊन तिनं त्याला गुंडाळलं. चिमटे टणाटण जमिनीवर उडाले. "रोज असंच," ती म्हणाली.

घेणारं माणूस नाहीसं झालंय, आणि टॉवेल मात्र तेच माणूस असल्यासारखा खुंटीवर लटकतोय. गळ्यात अडकवायचा टॉवेल परदेशात मिळतो, इथंही एखाददुसरा दिसतो. पण तो टबात न्हाणाऱ्या बाळासाठी, उभ्या असलेल्या आईसाठी कापलेला. पाटावर बसून उठणाऱ्या बाईसाठी नाही. बसल्यावर त्याचं खालचं टोक बादलीत बुडतं. मी घालून बघितलाय. लांबी कमी हवी, रुंदी जास्त, आणि खालची कड अडकवून ठेवायला कमरेशी काहीतरी. यावर नणंदबाईंनी डोकं लढवावं.

सोपा आहे म्हणून निष्काळजीपणा नको. गळ्याला दोरी नको, तीन बोटं रुंद पट्टी हवी, आणि ती मोठ्यांच्या गळ्यात. बाळाच्या मानेपाशी कुठलाही फास होता कामा नये. टिचबटणं लावायचीच असतील तर पाठीमागे, बाळाच्या तोंडापासून लांब. खेळण्यांच्या चाचणीत ३१.७ मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. जो सुटा तुकडा तिच्यात पूर्ण मावतो तो बाळाच्या घशात अडकू शकतो. तुमचं वस्त्र खेळणं नसलं तरी ही नळी बनवून घ्या, आणि सामान मोजायच्या काट्याला अडकवून प्रत्येक प्रकारचं बटण ओढून बघा. मी नऊ किलोपर्यंत ओढते. त्याआधी सुटलं तर ते बटण बाद.

आता हिशेब, कारण चांगल्या कल्पना इथंच मरतात. समजा पाऊण चौरस मीटर टेरी कापड लागलं, चौरस मीटरला साडेतीनशे ग्रॅमचं. वजन सुमारे २६० ग्रॅम. सोलापुरात कापड थेट घेतलं आणि किलोला चारशे धरले तर १०५ रुपये. शिलाई ४५, पट्टी आणि बटणं १५, पाकीट आणि लेबल २०, खराब निघणारे नग धरून आणखी १५. झाले दोनशे. हे आकडे माझे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही सोलापूरला जाऊन काढा. छापील किंमत ४९९ ठेवलीत आणि दुकानदारानं ४० टक्के घेतले तर २९९ उरले. जीएसटीचे वीसेक गेले, तुमचे दोनशे गेले. हातात ऐंशीच्याही आत. त्यातून येणंजाणं, जाहिरात, परत आलेले नग. ६९९ ला हेच गणित १८० च्या पुढे जातं. मग ६९९ द्यायला ती आई तयार आहे का, हा प्रश्न उरतो, आणि तो मैत्रिणींना विचारून सुटत नाही. मैत्रिणी हो म्हणतात.

आणखी एक धरून चला: तुमचं गिऱ्हाईक फार लवकर मोठं होतं. जन्माचं वजन पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट. नवजात बाळाच्या मापाचं काहीही बनवलंत तर दर तीन महिन्यांनी सगळं गिऱ्हाईक नव्यानं शोधायचं. शिवाय महाराष्ट्रात आता बाईमागे सरासरी दोनहून कमी मुलं, म्हणजे बऱ्याच घरांत "दुसऱ्याला होईल" म्हणून ठेवायची वेळच येत नाही. वस्तू मावसबहिणीकडे जाते. टॉवेल दोन वर्षं चालतो, आणि मूल चालायला लागल्यावरही अंघोळ चुकत नाही. त्यात मला हा मुद्दा सगळ्यात आवडतो.

साडेतीन लाखांतले पहिल्या दोन महिन्यांत चाळीस हजारांवर जाऊ नका. बारा टॉवेल शिवा, दोन लांबीत सहा-सहा. त्यातले चार पाटावर न्हाऊ घालणाऱ्या घरांत, चार बेसिन किंवा टबवाल्या घरांत, दोन आजीकडे आणि दोन अशा बापांकडे जे स्वतः अंघोळ घालतात. फुकट देऊ नका. दोनशे रुपये घ्या, नाही आवडला तर परत देऊ म्हणून सांगा. वापरायचा कसा हे अजिबात समजावू नका. उलटा घातला तर घालू दे, तेच तुम्हाला शिकायचंय. बाळाला ऊब देणाऱ्या पिशवीवर काम केलेल्या एम्ब्रेस या गटाचा अनुभव प्रसिद्ध आहे: पिशवी ३७ अंशांवर तापवा असं सांगितलं, तर आई "जास्त नको बाई" म्हणून जरा कमीच तापवायची. त्यांनी आकडा काढून टाकला आणि "ठीक आहे" एवढंच दाखवणारी खूण ठेवली. तुमच्या टॉवेललाही अशी एखादी खूण लागेल. बाळाकडची बाजू कुठली हे ओल्या हातानं, न बघता कळलं पाहिजे. एका बाजूला वेगळी वीण ठेवून बघा.

तीन आठवड्यांनी स्वतः जा आणि टॉवेल मागून घ्या. "कसा वाटला?" विचारू नका. हातात घेऊन बघा: पट्टीला तेलाचा पिवळा डाग धरलाय का, कडेचे धागे सैल झालेत का, रंग उतरलाय का. नवा कोरा परत आला तर दोनशे रुपये द्या आणि कुठं अडलं ते त्या घराच्या न्हाणीघरात उभं राहून बघा. आणि बारांतली जी बाई "अगं, आत्ताच धुवायला टाकलाय, उद्या देते" म्हणून तुम्हाला तीनदा परत पाठवेल, तिच्या दारात चौथ्यांदा जाताना ६९९ ची पावती सोबत न्या.